थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढल्यानंतर कॅल्शियम आणि थायरॉक्सिन कसं सांभाळायचं

थायरॉइडची अख्खी ग्रंथी काढली की दोन हॉर्मोनांचा प्रश्न उभा राहतो, आणि दोन्हींचा वेग वेगळा असतो. थायरॉक्सिन बनणं ऑपरेशनच्या दिवशीच थांबतं. पण रक्तात आधीपासून असलेलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला सात दिवस लागतात, त्यामुळे त्याची उणीव अंगावर यायला दोन-तीन आठवडे जातात. रक्तातलं कॅल्शियम टिकवून धरणारं पॅराथायरॉइड हॉर्मोन मात्र काही मिनिटांतच निम्मं होतं. ते ज्या ग्रंथींतून येतं त्या थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या असतात. बहुतेकांना त्या चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, प्रत्येकीचं वजन 30 ते 50 मिलिग्रॅम. त्या दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरायला लागतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळाला जातं. नेमके हेच दिवस पेशंट घरी आलेला असतो, नातेवाईकांचं लक्ष टाक्यांकडे असतं आणि बोटांना मुंग्या आल्या तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून दिलं जातं.

ग्रंथी कापली गेली म्हणूनच कॅल्शियम उतरतं असं नाही. बऱ्याचदा ग्रंथी जागेवर असतात, पण त्यांचा केसाएवढा बारीक रक्तपुरवठा ऑपरेशनच्या ओढाताणीत दुखावतो आणि त्या काही दिवस किंवा आठवडे बंद पडतात. पूर्ण थायरॉइड काढलेल्या साधारण चार-पाच जणांत एकाला असा तात्पुरता त्रास होतो. अनुभवी हातांत तो कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन इतकं असतं. सहा महिने ते वर्ष उलटूनही गोळ्यांशिवाय भागत नसेल तर तो कायमचा धरतात. माणसाच्या शरीरातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रोमने 1880 मध्ये केलं. त्याच्या कितीतरी आधी रिचर्ड ओवेनला त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका भारतीय गेंड्याच्या शरीरात दिसल्या होत्या. इतकी लहान गोष्ट पहिल्यांदा सापडायला एवढा मोठा प्राणी लागला.

हॉस्पिटल सोडण्याआधी

डिस्चार्ज कार्डावर या गोष्टी लिहून घ्या, तोंडी उत्तरावर समाधान मानू नका: शेवटचं कॅल्शियम किती आणि ते कोणत्या दिवशीचं, अल्ब्युमिन (कॅल्शियम ज्याला चिकटतं ते रक्तातलं प्रथिन) किती, पॅराथायरॉइड हॉर्मोन (पीटीएच) तपासलं असेल तर किती, मॅग्नेशियम किती, पुढची कॅल्शियमची तपासणी नेमकी कोणत्या तारखेला, मुंग्या आल्या तर जादा डोस किती, आणि रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा. ऑपरेशननंतरचं पीटीएच 15 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर कॅल्शियम गंभीरपणे उतरण्याची शक्यता कमी असते. 10 च्या खाली असेल तर गोळ्या वेळच्या वेळी घेणं आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्त तपासणं टाळताच येत नाही. सकाळचं कॅल्शियम 8.6 आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण पहिल्या दिवशीचा चांगला आकडा तिसऱ्या दिवसाची हमी देत नाही.

गळ्याला सूज येऊन घट्ट वाटणं आणि श्वास अडकणं ही वेगळी गोष्ट आहे. तो आत रक्त साचल्याचा धोका असतो, बहुधा पहिल्या 24 तासांतला. त्यात कॅल्शियमची गोळी देत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

मुंग्या आल्या तर

सुरुवात बहुतेक वेळा ओठांच्या कडांपासून आणि बोटांच्या टोकांपासून होते. मुंग्या दोन्ही बाजूंना सारख्या येतात. हात अंगाखाली दबून बधीर झाला तर तो एकाच बाजूचा असतो, हा फरक लक्षात ठेवा. मग पोटरीत गोळे येतात, चेहरा ओढल्यासारखा वाटतो, उगाच चिडचिड होते.

या टप्प्यावर कार्डावर लिहिलेला जादा डोस लगेच घ्या. साधारणपणे तो 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमचा असतो, म्हणजे 500 च्या दोन गोळ्या. अर्ध्या ते एक तासात मुंग्या गेल्या नाहीत, किंवा गेल्या आणि परत आल्या, तर फोन करा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. दिवसात दोनदा जादा डोस लागला याचा अर्थ नेहमीचा डोस कमी पडतोय. तो डॉक्टरांकडून वाढवून घ्यायचा, जादा गोळ्यांवर दिवस ढकलायचे नाहीत.

पेशंट घाबरून भराभर श्वास घेऊ लागला तर मुंग्या आणखी वाढतात. जोरात श्वास घेतल्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिनला जाऊन चिकटतं. एकूण कॅल्शियम तेवढंच असलं तरी कामाचं कॅल्शियम घटतं. म्हणून गोळी दिल्यावर पेशंटला बसवा, हळू आणि लांब श्वास घ्यायला लावा. पण 'घाबरल्यामुळेच होतंय' असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नका. कॅल्शियम उतरल्यामुळेही माणूस घाबराघुबरा होतो.

यापुढची लक्षणं दिसली तर गोळीची वाट पाहायची नाही. हात वाकडा होतो: अंगठा तळहाताकडे ओढला जातो, मनगट आणि बोटांची मुळं वाकतात, पण बोटं पुढे सरळ ताठ राहून एकमेकांना चिकटतात. हात उघडायचा म्हटलं तरी उघडत नाही. घरी रक्तदाब मोजताना पट्टा दोन-तीन मिनिटं फुगलेला राहिला आणि त्याच हाताची अशी अवस्था झाली, तर ती कॅल्शियम उतरल्याची खूण आहे. डॉक्टर मुद्दाम हीच चाचणी करतात. गालावर टिचकी मारून ओठ उडतो का हे पाहण्याची दुसरी चाचणी तितकी भरवशाची नाही, कारण निरोगी माणसांतही दहातल्या एखाद्याचा ओठ उडतो. आवाज करत श्वास आत ओढला जाणं, छातीत अनियमित धडधड, चक्कर येऊन पडणं, फिट येणं यातलं काहीही झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवा. फिट चालू असताना तोंडात गोळी किंवा पाणी घालू नका.

हॉस्पिटलमध्ये 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या एक-दोन ॲम्प्युल पातळ करून 10 ते 20 मिनिटांत शिरेतून देतात, इसीजीवर लक्ष ठेवून. 10 मिलिलिटरच्या एका ॲम्प्युलमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम 90 मिलिग्रॅम असतं आणि त्याचा परिणाम दोन-तीन तास टिकतो. म्हणूनच इंजेक्शनने बरं वाटलं की लगेच घरी सोडत नाहीत, त्यानंतर ड्रिप लावून ठेवतात. 'लवकर द्या ना' असा आग्रह धरू नका. घाईने दिलेलं कॅल्शियम हृदयाचे ठोके मंदावतं. शिरेजवळ आग होत असेल किंवा सूज आली असेल तर सिस्टरना तत्काळ सांगा, कारण औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी खराब होते. पेशंट डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेत असेल, किंवा त्याला सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर तेही न विचारता सांगा. कॅल्शियम आणि सेफ्ट्रायॅक्झोन एकाच नळीत एकत्र आले की त्याचे कण धरतात.

इतकं देऊनही कॅल्शियम वर येत नसेल तर मॅग्नेशियम पाहिलं का, हे विचारा. मॅग्नेशियम कमी असेल तर उरलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हॉर्मोन सोडतच नाहीत, आणि कॅल्शियम कितीही ओतलं तरी टिकत नाही. जे लोक वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेतात, ज्यांना जुलाब होतात किंवा जे रोज दारू पितात, त्यांच्यात ही शक्यता जास्त.

गोळ्यांच्या पाकिटावर काय वाचायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम' असं लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅम असतं, कारण कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम 40 टक्के. सिट्रेटमध्ये ते फक्त 21 टक्के, म्हणून 1000 मिलिग्रॅम सिट्रेटच्या गोळीतून 210 मिळतात. डॉक्टरांनी 'दिवसाला दीड ग्रॅम कॅल्शियम' सांगितलं तर ते प्रत्यक्ष कॅल्शियम असतं. मेडिकलवाल्याने ब्रँड बदलून दिला तर आधी ही ओळ जुळवून पाहा.

कार्बोनेट शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यायचं. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल यांपैकी काही चालू असेल तर आम्ल कमी पडतं आणि कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. ऑपरेशननंतर घरी सोडताना ॲसिडिटीची गोळी बहुतेकांच्या यादीत असतेच. ती खरंच लागते का विचारा, आणि लागत असेल तर सिट्रेट मागा. आतडं एका वेळी 500 ते 600 मिलिग्रॅमच्या पुढचं कॅल्शियम फारसं घेऊ शकत नाही. तीन गोळ्या एकदम घेऊन मोकळं होण्यात अर्थ नाही, तीन वेळांत वाटून घ्या.

आता व्हिटॅमिन डी. आठवड्याला एक अशी 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल असते, ते कोलेकॅल्सिफेरॉल. दुसरं कॅल्सिट्रिऑल, साधारण 0.25 मायक्रोग्रॅमची मऊ कॅप्सूल, दिवसातून एक-दोनदा. दोन्हींना लोक 'डी ची गोळी' म्हणतात आणि एक संपली की दुसरी आणतात. इथेच घात होतो. पुडीतलं डी आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाचं होतं, आणि मूत्रपिंडातल्या त्या शेवटच्या पायरीला पॅराथायरॉइड हॉर्मोनची चालना लागते. हॉर्मोनच नसेल तर पुडी घेऊनही कामाचं डी पुरेसं बनत नाही. कॅल्सिट्रिऑल हे तयार, कामाचं डी आहे, म्हणून या पेशंटला तेच हवं. शरीरातला साठा भरायला पुडीसुद्धा देतात, पण ती कॅल्सिट्रिऑलच्या सोबत, बदली म्हणून नव्हे. उलट चूकही तेवढीच वाईट. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली तर ती शरीरात साठते आणि कॅल्शियम कित्येक आठवडे चढलेलं राहतं. कॅल्सिट्रिऑलचा परिणाम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरतो. याचाच दुसरा अर्थ असा की गावाला जाताना ती डबी घरी राहिली तर तिसऱ्या दिवशी मुंग्या सुरू होऊ शकतात.

काही गोळ्यांत कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल एकत्र असतं. सोयीची वाटली तरी सुरुवातीच्या काळात ती टाळलेली बरी, कारण एकाचा डोस बदलायचा म्हटला की दुसऱ्याचाही बदलतो.

नाचणीची भाकरी, तीळ, दूध खावंच. पण या आजारात आहारातलं कॅल्शियम शोषून घेणारी यंत्रणाच मंदावलेली असते, त्यामुळे गोळीची जागा आहार घेत नाही. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. त्यात किती कॅल्शियम गेलं हे मोजता येत नाही, आणि तोंड, अन्ननलिका भाजते.

थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांची वेळ

थायरॉक्सिनचा पूर्ण डोस वजनाच्या हिशोबाने, किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 96 येतात, म्हणून 100 ची गोळी. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर कमी डोसपासून चढवत नेतात. गोळी अनशापोटी, साध्या पाण्यासोबत. चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या तासाने, एक तास थांबलात तर उत्तम. डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरी ग्रंथीचं हॉर्मोन) सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. पंधरा दिवसांत तपासलं तर आकडा अजून सरकत असतो आणि त्यावरून केलेला बदल फसतो. कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं असेल तर टीएसएच बऱ्याचदा मुद्दाम खाली ठेवतात, म्हणून रिपोर्टवर 'कमी' असा शेरा पाहून डोस स्वतः घटवू नका. त्यानंतर रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) द्यायचं असेल तर काही पेशंटना थायरॉक्सिन तीन-चार आठवडे थांबवायला सांगतात. त्या काळात सुस्ती, थंडी, बद्धकोष्ठता होणारच. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल मात्र त्यातही चालूच राहतात. 'सगळ्या गोळ्या बंद' असा अर्थ काढून आलेले पेशंट धोक्यात सापडतात.

थायरॉइड पूर्ण काढल्यावर माणूस मंद, सुजलेला, थंड पडत जातो हे स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर या सर्जनने 1883 मध्ये स्वतःच्याच पेशंटांबद्दल जाहीरपणे मांडलं. थायरॉइडवरच्या कामासाठी त्याला 1909 चं नोबेल मिळालं. त्याच्या पेशंटांना देता येईल अशी गोळी तेव्हा नव्हती.

आज गोळी आहे, पण कॅल्शियम तिला पोटातच पकडून ठेवतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. चालणारं वेळापत्रक असं:

सकाळी 6 ला थायरॉक्सिन. 7 ला चहा, नाश्ता. 10 ला काहीतरी खाऊन कॅल्शियमची पहिली गोळी. दुपारी 2 ला जेवणासोबत दुसरी. रात्री 9 ला जेवणासोबत तिसरी. कॅल्सिट्रिऑल सकाळ-संध्याकाळ कोणत्याही वेळी, त्याला खाण्याचं बंधन नाही.

थायरॉक्सिन रात्री झोपताना घेणारेही असतात. पण रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम असेल तर ते जमत नाही, चार तास मोजले तर मध्यरात्र उलटते. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. घड्याळ पाळण्याच्या नादात एक गोष्ट विसरू नका: पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या तर थायरॉक्सिन घेऊन अर्धाच तास झाला असला तरी कॅल्शियम लगेच घ्यायचं. एका दिवसाचं थायरॉक्सिन कमी शोषलं गेल्याने काही बिघडत नाही.

थायरॉक्सिन विसरलात तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्या. कॅल्शियमची वेळ चुकली तर आठवल्याबरोबर एक गोळी घ्या, पुढच्या वेळी दोन घेऊ नका. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाला गोळ्या सोडायच्या नाहीत. कार्बोनेट उपवासाच्या फराळासोबत घ्या, आणि निर्जळी उपवास पहिल्या वर्षात करूच नका. दिवस राहिले तर थायरॉक्सिनची गरज 25 ते 30 टक्क्यांनी वाढते. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.

रिपोर्ट कसा वाचायचा

रक्त सकाळी, त्या दिवसाच्या गोळ्या घेण्याआधी द्या. गोळी घेतल्यावर दोन तासांनी दिलेल्या रक्तात कॅल्शियम फसवं चांगलं दिसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा, त्यांनी टीएसएच आणि पीटीएच दोन्ही खोटे कमी येऊ शकतात.

अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं. हिशोब सोपा: अल्ब्युमिन 4 पेक्षा जेवढं कमी, त्याला 0.8 ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम 7.8 आणि अल्ब्युमिन 3.2 असेल तर 0.8 गुणिले 0.8 म्हणजे 0.64, आणि सुधारलेलं कॅल्शियम 8.4. परदेशातल्या नातेवाइकाचा रिपोर्ट मिलिमोलमध्ये आला तर आकड्याला चारने गुणा.

फॉस्फरसही पाहा. पॅराथायरॉइड बंद असतील तर कॅल्शियम खाली आणि फॉस्फरस वर. दोन्ही खाली असतील आणि पीटीएच चांगलं असेल तर हाडं कॅल्शियम ओढून घेत असतात. ज्यांची थायरॉइड गरजेपेक्षा फार जास्त हॉर्मोन बनवत होती अशा पेशंटांत, विशेषतः ग्रेव्हज आजारात, हाडं आधीच झिजलेली असतात आणि ऑपरेशन झालं की ती भराभर भरू लागतात. अशा पेशंटला काही आठवडे मोठे डोस लागतात, पण तो बरा होतो.

गोळ्या कमी करताना

बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं बंद करणं ही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली नेहमीची चूक. एका वेळी एकच बदल, आणि बदलल्यावर पाच-सात दिवसांनी कॅल्शियम. पीटीएच परत येतंय का हेही मधूनमधून पाहावं लागतं. ते न पाहता पेशंट वर्षभर विनाकारण गोळ्या खात राहिल्याचीही उदाहरणं असतात.

कायमचा आजार ठरला तर लक्ष्य बदलतं. कॅल्शियम 8 ते 8.8 च्या आसपास, लक्षणं नसतील एवढंच ठेवायचं. 10 पर्यंत नेण्याचा अट्टहास नको. पॅराथायरॉइड हॉर्मोन नसताना मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही, ते लघवीतून वाहतं. रक्तातला आकडा 'छान' ठेवण्यासाठी डोस वाढवत गेलं की मूत्रपिंडात खडे होतात, तिथे कॅल्शियम साचतं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढतं. म्हणून स्थिर झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, आणि अधूनमधून 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. बाईत 250 आणि पुरुषात 300 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर डोसचा पुनर्विचार हवा. खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी ही कॅल्शियम चढल्याची लक्षणं. अशा वेळी गोळ्या थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत हे जास्त होतं, कारण पाणी कमी पडतं. उलट, उलटीत गोळी बाहेर पडून कॅल्शियम उतरूही शकतं. दोन्हींपैकी काय झालंय हे अंदाजाने ठरत नाही, रक्तच सांगतं.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही तीच: 'थायरॉइड पूर्ण काढली आहे, पॅराथायरॉइड कमी काम करतात, रोज कॅल्शियम व कॅल्सिट्रिऑल चालू, बेशुद्ध किंवा फिट आल्यास कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासा.' त्याखाली डोस आणि तारीख. डोस बदलला की चिठ्ठीही बदला. आणि पुढे कधी दात काढायचा असो की दुसरं ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात ती आधी द्या. उपाशी ठेवलेल्या सकाळी कॅल्शियमचा डोस कसा आणि कधी जाणार, हे त्यांना आदल्या दिवशीच ठरवावं लागतं.